नव्या दोन रॅम टाकल्यापासून पीसी पडतोय: दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, २०२० पासून ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० (३२०० हा वेग) रॅम स्टिक. सगळं सुरळीत होतं. लग्नाच्या अल्बमचं आणि व्हिडिओचं काम वाढलं म्हणून दुसऱ्या कंपनीच्या ८-८ जीबीच्या आणखी दोन ३२०० घेतल्या. विंडोजमध्ये ३२ जीबी व्यवस्थित दिसते. पण तेव्हापासून क्रोमचे टॅब आपोआप मरतात, फोटोशॉप काही न सांगता बंद होतं, रोज निळी स्क्रीन येते आणि दर वेळी तिच्यावर वेगळंच कारण लिहिलेलं असतं. दुपारी त्रास जास्त, गाव अकोला. दुकानदाराने रॅम तपासून ‘ओके आहे, विंडोज मारा’, म्हणजे नव्याने टाका, असं सांगितलं. विंडोज मारायला घेतलं तर इन्स्टॉलेशन मध्येच फाइल करप्ट असल्याचं सांगून थांबलं. आता काय करावं?

दुरुस्तीच्या आधी डेटाचं बघा. रॅम चुकत असते तेव्हा फक्त प्रोग्रॅम पडतात असं नाही, तिच्यातून जाणारी प्रत्येक फाइल बिघडू शकते. कार्डवरून डिस्कवर कॉपी केलेला फोटो उघडतो, वरचा अर्धा भाग छान दिसतो आणि नवरीच्या खांद्यापासून खाली करडा किंवा गुलाबी पट्टा. कॉपी करताना विंडोजने काहीही तक्रार केलेली नसते. त्यामुळे नव्या रॅम टाकल्यापासून जे जे कॉपी केलं, एक्स्पोर्ट केलं, झिप केलं, ते सगळं तूर्तास संशयित धरा. मेमरी कार्डं फॉरमॅट करू नका. बॅकअपची डिस्क या पीसीला लावू नका. चांगल्या प्रतीवर खराब प्रत चढवण्याची ती हमखास वाट आहे. क्लाउड सिंक चालू असेल तर तेही थांबवा.

मग पीसी बंद करून, मागचा स्विच पाडून, नव्या दोन काढा. जुन्या दोन प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बोर्डावर हे स्लॉट बहुधा ए२ आणि बी२ म्हणून छापलेले असतात. एक-दोन दिवस नेहमीचं काम करून बघा, फक्त ग्राहकाचं नको. पीसी पूर्वीसारखा शांत चालला तर अर्धं निदान तिथेच झालं. नाही चालला तर त्याचा विचार शेवटी करू, कारण तो मामला वेगळा आहे.

आता लक्षणांबद्दल. निळ्या स्क्रीनवर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असं येणं हीच मोठी खूण आहे. ड्रायव्हर खराब असेल तर तो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने पडतो आणि डंप फाइलमध्ये (पडताना विंडोज ठेवते त्या नोंदीत) त्याचंच नाव पुन्हापुन्हा दिसतं. आज ग्राफिक्सचा ड्रायव्हर, उद्या नेटवर्कचा, परवा खुद्द विंडोजचा कर्नल, म्हणजे गाभा, असे आरोपी रोज बदलत असतील तर त्या सगळ्यांना पाय ठेवायला जी जमीन लागते ती तपासायची, म्हणजे रॅम, तिचा कंट्रोलर आणि त्यांना मिळणारी वीज. इन्स्टॉलेशन मध्येच अडकणंही याच चित्रात बसतं. विंडोज सेटअप पेनड्राइव्हवरची दाबलेली मोठी फाइल रॅममध्ये सोडवतो आणि पडताळतो; एक बिट इकडचा तिकडे झाला की पडताळणी फसते आणि दोष पेनड्राइव्हच्या माथी जातो.

म्हणून माझा ठाम आग्रह असतो की रॅम निर्दोष ठरेपर्यंत विंडोज मारू नये. आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध आधी दिलं जातं. इथे ते उलट लागू पडतं, कारण खराब रॅमवर टाकलेलं नवं विंडोज पहिल्या दिवसापासून आजारी असतं आणि नंतर रॅम बदलली तरी त्याचे विचित्र त्रास उरतात. मग माणूस म्हणतो, ‘रॅम बदलूनही फरक नाही.’

दुकानदार खोटं बोलला असेल असंही नाही. दुकानातली तपासणी बहुतेकदा अशी होते: एक स्टिक टेबलावरच्या पीसीत लावली, डिस्प्ले आला, विंडोज उघडलं, ओके. त्या पीसीत ती स्टिक एकटी होती आणि २१३३ किंवा २६६६ अशा सावकाश वेगाने चालत होती. तुमच्याकडे ती चौघींत मिळून ३२०० ने, जुन्या दोघींच्या टायमिंगवर (कुठल्या कामाला किती ठोके द्यायचे त्या आकड्यांवर) चालते आहे. एकेकटी चांगली असणं आणि चौघी मिळून चांगल्या चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा प्रश्न बहुधा दुसरीचा आहे.

जरा आत जाऊन बघू. रायझन ३००० मालिकेत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो. त्याला दोन चॅनेल (रॅमकडे जाणारे डेटाचे मार्ग) आणि तुमच्या बोर्डावर प्रत्येक चॅनेलला दोन स्लॉट. एएमडीने या मालिकेसाठी ३२०० चा आकडा दिला आहे तो दोन स्टिकसाठी. चार स्लॉट भरले की सिंगल रँक स्टिकसाठी अधिकृत वेग २९३३ आणि ड्युअल रँकसाठी २६६७ होतो. रँक म्हणजे एका वेळी एकत्र काम करणारा चिपांचा गट. ८ जीबीच्या डीडीआर४ स्टिक बहुतेक सिंगल रँक असतात. म्हणजे चार स्टिकवर ३२०० चालवणं मुळातच प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेबाहेरचं आहे. अनेकांचं चालतं. अनेकांचं चालत नाही, आणि त्यात कोणाचीही रॅम ‘खराब’ नसते.

त्यातून नव्या-जुन्यांची मोट बांधलेली. स्टिकवर ३२०० लिहिलं एवढ्याने जोडी जमत नाही. ३२०० चे ठळक दोन प्रकार बाजारात शेजारी-शेजारी मिळतात. एक १.२ व्होल्टवर सीएल२२ ने चालणारा साधा, जेडेक या मानक संस्थेच्या प्रमाणाचा (सीएल म्हणजे डेटा मिळायला लागणारे ठोके; आकडा लहान तितकी घाई). दुसरा १.३५ व्होल्टवर सीएल१६ ने चालणारा, एक्सएमपी प्रोफाइलचा (स्टिकमध्येच साठवलेल्या जादा वेगाच्या मांडणीचा), बहुधा वर धातूचं कवच असलेला. तुमच्या जुन्या सीएल१६ आणि नव्या सीएल२२ असतील आणि बायोसने (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमने) जुन्यांचं प्रोफाइल चौघींना लावलं असेल, तर नव्यांना झेपणार नाही अशा घाईत त्या कामाला जुंपल्या आहेत. दोन्ही सीएल१६ असल्या तरी निश्चिंती नाही. आतल्या चिपा सॅमसंगच्या, हायनिक्सच्या की मायक्रॉनच्या यावर दुय्यम टायमिंग ठरतात, आणि त्यातलं एक, टीआरएफसी, फार छळतं. डीरॅमची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाने पुन्हा भरावी लागते. त्या भरण्याला किती वेळ राखून ठेवायचा ते टीआरएफसी सांगतं. एका चिपेला पुरणारा वेळ दुसरीला अपुरा पडला की बिट गळायला लागतात. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं पाकीट वर्ष-दोन वर्षांनी घेतलं तरी आतली चिप बदललेली निघते. ‘सेम टु सेम दिलीय साहेब’ या वाक्यावर म्हणूनच फार विसंबू नये.

हे घरबसल्या दिसतं. सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडा आणि एसपीडीच्या (स्टिकमध्ये नोंदलेल्या माहितीच्या) पानावर स्लॉट एकेक करून निवडा. कंपनी, पार्ट नंबर, रँक आणि खाली टायमिंगचा तक्ता दिसेल. चारही स्लॉटचे स्क्रीनशॉट घेऊन शेजारी ठेवा. (मेमरीच्या पानावर १६०० मेगाहर्ट्झ दिसलं म्हणून घाबरू नका. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, त्यामुळे तिथली संख्या दुप्पट करून वाचायची. १०६६ च्या आसपास दिसलं तर मात्र एक्सएमपी बंद आहे, २१३३ चालू आहे.)

चाचणीआधी दोन मिनिटं कॅबिनेटमध्ये घालवा. स्टिक दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत बसायला हवी. एका बाजूला लॅच नसलेल्या बोर्डांवर अर्धवट बसलेली रॅम वरून बसल्यासारखीच दिसते. संपर्कांवर खोडरबर घासायची आपली जुनी पद्धत आहे. तिने काम होतं, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवी पीडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं फडकं बरं. हात घातल्यावर २४ पिनची केबल, प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि ग्राफिक्स कार्ड दाबून बघा. रॅम टाकताना यातलं काहीतरी सैल होणं अजिबात दुर्मीळ नाही.

आता चाचणी. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम दुसऱ्या, धडधाकट पीसीवर उतरवा, रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून बूट करा. बूट होत नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागेल. पण डिस्कवर बिटलॉकर किंवा विंडोज ११ चं डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर रॅम राहील बाजूला आणि विंडोज की मागत बसेल. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक फार सौम्य आहे. त्याने एरर दाखवली तर खरी माना, ‘काही सापडलं नाही’ म्हणालं तर त्यावर विसंबू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सर्वांत महत्त्वाचं. बायोसमधलं एक्सएमपी आधी बंद करा. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असतं. मग फक्त नव्या दोन स्टिक ए२ आणि बी२ मध्ये लावून रात्रभर चाचणी. एरर आली तर एकेक स्टिक एकटी ए२ मध्ये लावून पुन्हा. एरर एकाच स्टिकच्या मागे फिरत असेल तर ती स्टिक सदोष, वाद संपला, बदलून घ्या. कुठलीही स्टिक लावली तरी एरर त्याच स्लॉटमध्ये येत असेल तर संशय बोर्डाकडे किंवा प्रोसेसरकडे. साध्या वेगाला दोन्ही स्वच्छ निघाल्या तर एक्सएमपी चालू करून त्याच दोन पुन्हा तपासा. त्याही पास झाल्या तर चारही लावा, आधी एक्सएमपीशिवाय, मग एक्सएमपीसह. बहुतेक वेळा गाडी या शेवटच्या पायरीवर अडते. तुमच्या वर्णनावरून माझाही अंदाज तोच आहे, पण अंदाजावर स्टिक परत करू नका.

निकाल किती एरर यापेक्षा कशा एरर आल्या यावर वाचायचा. मेमटेस्टच्या प्रत्येक लाल ओळीत पत्ता असतो, काय असायला हवं होतं ते असतं आणि काय सापडलं ते असतं. समजा दर वेळी अपेक्षित आणि सापडलेल्या आकड्यात तोच एक बिट वेगळा आहे आणि पत्तेही जवळजवळचे आहेत, तर एखाद्या चिपेतली पेशी किंवा एखादी वाहिनी मेलेली आहे. त्याला बायोसमधला कुठलाही उपाय चालत नाही. पत्ते सगळीकडे विखुरलेले, बिटही वेगवेगळे, आणि एरर तासाभराने एखादी, तर तो सीमेवरचा मामला आहे: टायमिंग, व्होल्टेज किंवा उष्णता. चालू केल्याबरोबर पडदाभर लाल झाला तर आधी स्टिक नीट बसली आहे का ते बघा. आणि ‘रात्रभरात एकच तर आली’ असं म्हणून सोडून देऊ नका. रॅमच्या चाचणीत पास म्हणजे शून्य.

दुपारी त्रास वाढतो, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. अनेकजण ही गोष्ट योगायोग म्हणून सांगतच नाहीत. डीरॅमच्या पेशीतला भार तापमान वाढलं की लवकर गळतो. म्हणूनच प्रमाणानुसार चिपेचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर तिला दुप्पट वेळा रिफ्रेश द्यावा लागतो. तुमच्याकडे चार स्टिक खेटून उभ्या, वर १.३५ व्होल्ट, शेजारी ग्राफिक्स कार्डाची गरम हवा आणि बाहेर विदर्भातला उन्हाळा. चिपा ८५ ला पोचल्या नसतील, पण ज्या टायमिंगवर सकाळी केसभर सूट उरते ती दुपारी संपते. म्हणून चाचणी फक्त रात्री पंखा लावून करू नका. एक फेरी भर दुपारी, कॅबिनेटचं झाकण लावून घ्या. मेमटेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड तापत नाही हेही ध्यानात ठेवा. तिथे पास झाल्यावर विंडोजमध्ये ओसीसीटीची मेमरी चाचणी किंवा प्राइम९५ चा ब्लेंड मोड चालवा आणि जोडीला एखादा व्हिडिओ रेंडरला लावा. प्रत्यक्ष काम करताना पडणारा पीसी अशाच मिश्र ताणाखाली उघडा पडतो.

चौघी मिळूनच अडत असतील तर उपायांचा क्रम मी असा ठेवतो. पहिलं, एक्सएमपी चालू ठेवून वेग ३२०० वरून २९३३ करा आणि नव्या स्टिक सीएल२२ वाल्या असतील तर प्रोफाइल सोडून साध्या टायमिंगवर या. अनेक प्रकरणं इथेच मिटतात. २९३३ आणि ३२०० मधला फरक फोटोशॉपमध्ये हाताला जाणवणार नाही. १६ जीबीची ३२ जीबी झाल्याचा फरक मात्र मोठी पीएसडी उघडताच जाणवेल. एवढ्याने भागलं नाही तर कमांड रेट (रॅमला आदेश द्यायला राखलेले ठोके) १टी असेल तर २टी करा. त्यानंतर रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.३७ पर्यंत आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.१ च्या आसपास. याच्या पलीकडे व्होल्टेज चढवत बसण्यात, ज्याचं पोट या पीसीवर चालतं त्याने पडू नये. २६६६ ला जरी चौघी गुण्यागोविंदाने नांदल्या तरी तुमच्या कामाला ते पुरेसं आहे.

बायोस अपडेटचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. सल्ला योग्य आहे. बी४५० बोर्डांना नंतरच्या बायोसमध्ये मेमरी सुसंगततेच्या बऱ्याच सुधारणा मिळाल्या. पण तो अपडेट जुन्या दोनच स्टिक लावून, एक्सएमपी बंद करून, यूपीएसवर करा. अस्थिर रॅमवर बायोस लिहिणं म्हणजे बोर्ड जुगारावर लावणं, आणि मध्येच वीज गेली तरी परिणाम तोच.

सगळं स्थिर झाल्यावर, आणि त्यानंतरच, विंडोजकडे वळा. एसएफसी आणि डिसम या दोन कमांड चालवून सिस्टिम फाइल दुरुस्त करा, डिस्क तपासा. फास्ट स्टार्टअप बंद करा, कारण त्यात शटडाउन केलं तरी कर्नलची जुनी प्रत डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. खराब रॅमच्या काळातली प्रत असली तर नीट झालेल्या मशीनवर भूत नाचत राहतं. तरीही विंडोज नव्याने टाकायचं ठरलं तर जुना पेनड्राइव्ह वापरू नका. तो याच पीसीवर, याच रॅमवर बनवला असेल तर त्यावरची प्रतच बिघडलेली असू शकते. संशयित फोटोंसाठी ७-झिप बसवा, कार्डवरच्या मूळ फाइलवर आणि डिस्कवरच्या प्रतीवर राइट क्लिक करून सीआरसी (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढा. दोन आकडे जुळले तर प्रत खरी. अख्ख्या फोल्डरचंही काढता येतं.

सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट: जुन्या दोघींवरही आता पीसी पडत असेल तर? इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. निळी स्क्रीन न येता एकदम रीस्टार्ट होतो आणि ‘कर्नल-पॉवर ४१’ ची नोंद बगचेक कोड (निळ्या स्क्रीनचा क्रमांक) शून्य दाखवते, तर वीज, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि घरातलं अर्थिंग या बाजूने तपास करा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी येत असतील तर प्रोसेसर किंवा बोर्ड. चारही लावल्यावर ३२ ऐवजी १६ जीबीच वापरायला मिळत असेल, किंवा एका चॅनेलच्या दोन्ही स्लॉटमधली रॅम दिसतच नसेल, तर कूलर आणि प्रोसेसर काढून पिना बघाव्या लागतील. ते काम सवयीच्या हातांकडे द्या. एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटच्या प्रकारात, पिना प्रोसेसरला असतात आणि थर्मल पेस्ट चिकटून प्रोसेसर कूलरसोबत उपटून येतो.

डीडीआर५ वाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: तिथे चार स्टिकचा दंड आणखी जबर आहे. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत ५२०० आणि चारवर ३६००. शिवाय रॅम बदलल्यावर पहिलं बूट होताना ट्रेनिंगमध्ये (बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतो त्यात) कित्येक मिनिटं पडदा काळा राहू शकतो. चहा पिऊन या, बटण दाबू नका.

आणि पैशांचं. तुम्ही अजून परत करण्याच्या मुदतीत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: नव्या दोन परत करा आणि १६-१६ जीबीचं दोघींचं एकच सीलबंद किट घ्या, जुन्या दोन विका. किट म्हणजे कंपनीने एकत्र तपासून एकत्र पॅक केलेली जोडी. सुट्या दोन स्टिक एका पिशवीत घालून दिल्या की किट होत नाही. दुकानात जाताना मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो आणि सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट सोबत न्या, नव्या बिलावर पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या. सदोष स्टिकची वॉरंटी कंपनीकडून पुढेही मिळेल, पण ‘चांगली आहे, फक्त माझ्या जोडीत चालत नाही’ ही तक्रार वॉरंटीत बसत नाही. तिच्यासाठी तुमच्याकडे फक्त दुकानदाराची मुदत आहे. बिलावर तारीख बघा आणि चाचण्या त्याच्या आत उरका.